आधी कारण विचारा, मग चूर्ण द्या

पाळी जाण्याच्या दिवसांत बाईची झोप उडाली तर तिला काय सांगायचं, याचं उत्तर येलदरीपासून परभणीपर्यंत जवळपास ठरलेलं आहे. दुधात जायफळ उगाळून घे, अश्वगंधा चालू कर, तळपायाला काशाच्या वाटीनं तेल चोळ, आणि वयच आहे, दोन-चार वर्षांत आपोआप जाईल. सोबत एक आश्वासनही असतं, की हे सगळं नैसर्गिक आहे, गुण आला तर आला, नुकसान काही नाही. सांगणारे आपुलकीनं सांगतात, आणि यातले काही उपाय खरोखरच निरुपद्रवी आहेत, एखाद्याला थोडाफार पुरावाही आहे. तरीही सल्ला म्हणून तो चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. झोप कशानं मोडते हे न विचारताच तो उपाय हातात देतो, आणि एकदा उपाय दिला की तो प्रश्न पुढं कुणी विचारतच नाही. नुकसान होतं ते तिथं.

सुरुवात ‘दोन-चार वर्षांत जाईल’ या दिलाशापासूनच करू. अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासाचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार अंगाची लाही होण्याचा त्रास असलेल्या निम्म्या बायकांना तो सात वर्षांहून अधिक काळ टिकला. ज्यांना तो पाळी नियमित असतानाच सुरू झाला, त्यांना आणखी जास्त काळ. याच अभ्यासात 40 ते 55 वयातल्या शंभरातल्या अडतीस बायकांनी झोपेची तक्रार सांगितली होती. पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी एक्कावन्नाव्या वर्षी थांबते, भारतात सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास, आणि झोप त्याआधीच काही वर्षं बिघडू लागते. म्हणजे जिंतूर तालुक्यातल्या शेतकरी बाईच्या बाबतीत हा काळ चाळिशी ओलांडली की सुरू होऊन पन्नाशीपर्यंत जातो. खुरपणी, सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, पोरांची शिक्षणं आणि लग्नं हे सगळं याच वर्षांत तिच्या अंगावर असतं. एवढी वर्षं ‘आपोआप जाईल’ म्हणून काढायला सांगणं हा सल्ला होत नाही.

हे होतं कसं, तेही पाहू. अंडाशयाचं काम थांबत येतं तेव्हा इस्ट्रोजेन एका रेषेत उतरत नाही, वर-खाली हेलकावे खात उतरतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराचं तापमान राखणारं केंद्र असतं. इस्ट्रोजेन घटलं की तिथल्या काही मज्जापेशी नको इतक्या उत्तेजित होतात, आणि एरवी शरीर सहज सोसेल एवढा तापमानातला फरकही त्याला सोसेनासा होतो. मे महिन्यात पत्र्याच्या घरात, भिंती अजून निवल्या नसताना, रात्री दीडच्या सुमाराला छातीतून मानेकडं एकदम वाफ चढते, धडधड होते, पदर आणि उशी घामानं भिजते. पाच-दहा मिनिटांत तोच घाम गार पडतो आणि हुडहुडी भरते. गोधडी ओढावी, तर थोड्या वेळानं पुन्हा लाही. अशा रात्री पंखा फिरत राहिला तरी तो बाहेरचा उकाडा कमी करतो, आतून चढणारी वाफ नाही. शिवाय पाळी अनियमित होऊ लागली की प्रोजेस्टेरॉनही घटतं. या संप्रेरकापासून शरीरात तयार होणारा एक घटक मेंदूला शांत करत असतो, तो आधारही सुटतो. ही झाली शरीराची बाजू. ती खरी आहे, पण झोप मोडण्याचं ते एकमेव कारण नाही, आणि माझ्या म्हणण्याचा सगळा भर त्यावरच आहे.

आता उपायांकडं वळू. अश्वगंधेला मी उडवून लावणार नाही, कारण या यादीत थोडातरी पुरावा तिच्याच बाजूनं आहे. झोपेवरच्या पाच चाचण्या एकत्र करून 2021 मध्ये एक विश्लेषण झालं. त्यात सगळी मिळून 400 माणसं होती, आणि झोपेत थोडा पण मोजता येण्याजोगा फरक दिसला. पाळी जाण्याच्या उंबरठ्यावरच्या शंभरेक बायकांवर आठ आठवड्यांची एक भारतीय चाचणीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, तिच्यात एकूण त्रासाचा गुणांक घटला. पण या चाचण्या छोट्या आहेत, काही आठवड्यांच्या आहेत, आणि त्यांत वापरलेला मुळाचा अर्क ठरावीक प्रमाणाचा होता. जिंतूरच्या बाजारात सुट्या मिळणाऱ्या चूर्णात मूळ किती, पान किती आणि भेसळ किती, हे घेणाऱ्या बाईला कळायला काही मार्ग नाही. मुळाऐवजी पानं वापरू नयेत अशी सूचना खुद्द आयुष मंत्रालयाला 2021 मध्ये काढावी लागली, यावरून बाजारात काय चालत होतं ते समजतं. चाचणीतल्या अर्काचा गुण पुडीतल्या चूर्णाच्या नावावर जमा करणं हा हिशेबच चुकीचा आहे.

सोयाबीनची गोष्ट परभणी जिल्ह्याला जवळची आहे, कारण खरिपात इथली रानंच्या रानं सोयाबीननं भरलेली असतात. त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते, आणि त्यातलेच इस्ट्रोजेनसदृश घटक काढून भरलेल्या कॅप्सूल शहरातल्या मेडिकलमधून ‘पाळी जाण्याच्या त्रासावर’ म्हणून परत येतात. जगभरातल्या 43 चाचण्या तपासून कॉक्रेन या संस्थेनं 2013 मध्ये निष्कर्ष काढला की अंगाची लाही कमी करण्याच्या बाबतीत या घटकांचा निर्णायक पुरावा नाही. ब्लॅक कोहोश या परदेशी मुळीबद्दलही 2012 मध्ये सोळा चाचण्या पाहून त्यांनी तेच म्हटलं. व्हॅलेरियन आणि मेलाटोनिन निद्रानाशावर वापरू नयेत असं अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संस्थेनं 2017 मध्ये सुचवलं. गरम दुधात ट्रिप्टोफॅन असतं हे खरं, पण पेलाभर दुधातलं त्याचं प्रमाण झोप आणण्याइतकं नसतं. दूध प्यावं, ते अन्न म्हणून चांगलं आहे. काशाच्या वाटीनं तळपाय चोळून घ्यावेत, दिवसभर उभ्यानं राबलेल्या बाईचे पाय कुणीतरी हातात घेतं ही गोष्ट मोलाचीच आहे. मात्र त्याला उपचार समजून थांबू नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवाचा. अमकीला गुण आला, तमकीची झोप सुधारली, मग चाचण्या काय सांगता? हा आक्षेप हलका नाही. बायका खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच बरं वाटलेलं असतं. पण पाळी जाण्याचा त्रास हा चढ-उताराचा असतो, आणि माणूस उपाय शोधतो तो त्रास शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केलं तरी काही काळ उतार येणारच असतो. हार्मोनच्या उपचारांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेननं 2004 मध्ये आढावा घेतला, तेव्हा नुसत्या पोकळ गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्येसुद्धा लाहीचे झटके सरासरी 57.7 टक्क्यांनी घटलेले आढळले. शंभरातले सत्तावन्न झटके औषधावाचून कमी होत असतील, तर शेजारणीचा अनुभव कितीही खरा असला तरी तो चूर्णाचा पुरावा होत नाही. म्हणूनच दुसऱ्या गटाशी तुलना करावी लागते. तशी तुलना केलेल्या चाचण्या चाळून अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीनं 2023 मध्ये हार्मोनविरहित उपायांबद्दल आपली भूमिका मांडली. अंगाच्या लाहीवर वनौषधी, पूरक गोळ्या आणि सोया त्यांनी शिफारशीतून वगळले. त्याच यादीत योग आणि पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय असलेले थंडाव्याचे उपायही वगळले आहेत, म्हणजे हा निवाडा केवळ आपल्याकडच्या परंपरेवर उगारलेला नव्हता. योगाबद्दल मात्र एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत योगानं लाही कमी झाली नाही, पण झोपेच्या तक्रारी काहीशा हलक्या झाल्या. ज्या बाईला जमतं आणि आवडतं तिनं योग जरूर करावा.

दुसरा आक्षेप, नुकसान तर काही नाही ना? आहे. अश्वगंधेमुळं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्या क्वचितच्या आहेत, पण आहेत. ती थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते, आणि याच वयात थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या बायका गावोगाव आहेत. डेन्मार्कनं 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. तो निर्णय मला टोकाचा वाटतो, पण काविळीचा इतिहास असलेल्या किंवा थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईला न विचारता अश्वगंधा देणं हेही तितकंच बेफिकिरीचं आहे. जायफळाची चिमूट निर्धोक असते. झोप येत नाही म्हणून चिमटीची अर्धी फोड आणि फोडीचं अख्खं जायफळ झालं, तर भ्रम, धडधड, ओकारी होते आणि तोंडाला कोरड पडते, कारण पाचएक ग्रॅमच्या पुढं त्यातला मिरिस्टिसिन हा घटक विषारी ठरतो. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांची तपासणी 2008 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, तेव्हा पाचातल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. स्त्रियांच्या पाळीचे दोष बरे करण्याची जाहिरात करायला 1954 च्या औषधी व जादुई उपचार कायद्यानं बंदी आहे, तरी तशा जाहिराती केबलवर, मोबाइलवर आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर रोज दिसतात.

तरीही मी यकृताच्या इजेवर हा लेख लिहिला नसता. खरं नुकसान पुडीत नाही, पुडीमुळं जे तपासायचं राहून जातं त्यात आहे. पंचेचाळिशीतल्या बाईला झोप येत नाही, यामागं इथल्या परिस्थितीत काय काय असू शकतं ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत अनेकींना अंगावरून फार जातं, कधी पंधरा-पंधरा दिवस जातं, आणि साठलेलं लोह संपत जातं. लोह कमी झालं की रात्री पडल्यावर पाय वळवळतात, पोटऱ्यांत काहीतरी सरपटल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. पोटऱ्यांना फडकं घट्ट आवळून झोपणाऱ्या बायका आपल्याकडं घरोघर आहेत. ‘दिवसभर राबून पाय दुखतात’ एवढंच त्याचं निदान होतं. हा पाय वळवळण्याचा विकार आहे, त्याचं एक मोठं कारण लोहाची कमतरता आहे, आणि ती भरून काढली की पुष्कळदा झोपही परत येते. अशा बाईला अश्वगंधा देऊन आणखी सहा महिने रक्त जाऊ देणं हे निरुपद्रवी कसं म्हणायचं? आणि असं अति रक्त जाण्यामागं गाठ किंवा त्याहून गंभीर काही असेल तर ते सहा महिने कुणाच्या हिशेबात धरायचे?

दुसरं कारण घोरणं. झोपेत श्वास अडण्याचा विकार हा जाड, वयस्क पुरुषांचा समजला जातो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका मोठ्या अभ्यासात 2003 मध्ये दिसलं की पाळी गेलेल्या बायकांमध्ये त्याचं प्रमाण पाळी चालू असलेल्यांच्या तुलनेत सुमारे अडीच पट असतं. बाई घोरते हे घरात लाजेनं बोललं जात नाही, आणि मग रात्री दहादा श्वास अडून जाग येणं हेही ‘वयाचं’ म्हणून खपतं. यातच रक्तदाब वाढत राहतो. तिसरं कारण थायरॉइडचं, ते एका रक्ततपासणीत कळतं. चौथं कारण मिश्री. मराठवाड्यातल्या बायका दातांना मिश्री लावतात, अनेकींची सवय रात्री झोपण्याआधीची असते. तंबाखूतलं निकोटीन झोप पळवतं, आणि जेवणानंतरचा कडक चहा त्यात भर घालतो. एका हातानं मिश्री आणि दुसऱ्या हातानं झोपेचं चूर्ण, हे न विचारता सल्ला देण्याचं फळ आहे. आणि पाचवं कारण मनाचं. कर्ज, नवऱ्याचं व्यसन, नापिकी, मुलीच्या सासरची काळजी. पहाटे तीनला जाग येऊन काळीज जड होणं हे नैराश्याचं लक्षण असू शकतं, आणि नैराश्याला जायफळ पुरत नाही.

सगळ्यात दुखरी जागा पिशवीची आहे. ऊसतोड कामगार बायकांची गर्भपिशवी काढण्याचा प्रश्न बीड जिल्ह्यातून 2019 मध्ये राज्यासमोर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. परभणी जिल्ह्यातूनही दर दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला जातात, आणि पिशवी काढण्याचं प्रमाण ऊसतोडीपुरतं मर्यादितही नाही. अंडाशय राखून पिशवी काढली तरी पाळी जाण्याच्या वयाचे परिणाम लवकर येतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढली असतील, तर जे सात-आठ वर्षांत हळूहळू व्हायचं ते एका दिवसात होतं. पस्तिशीतल्या बाईच्या अंगाची लाही होते, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि पाळीच नसल्यामुळं हा त्रास पाळी जाण्याचा आहे हेही कुणाला सुचत नाही. अशा बाईला, दुसरी अडचण नसेल तर, पन्नाशीच्या आसपासच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असं वैद्यकाचे नियम सांगतात. तिला ब्राह्मी-जटामांसी देऊन परत पाठवणं म्हणजे एका शस्त्रक्रियेनं झालेला अन्याय दुसऱ्यांदा करणं.

हे वाचून आयुर्वेदाचा अपमान केला असं कुणाला वाटेल, तर त्यांनी चरकसंहिता उघडून पाहावी. आहार आणि ब्रह्मचर्याच्या जोडीनं झोप हा शरीराचा एक आधार आहे असं चरक मानतो. सूत्रस्थानात झोप जाण्याची कारणं सांगताना तो काम, काळ, विकार, प्रकृती आणि वायू अशी पाच वेगवेगळी कारणं मोजतो. कामाच्या ओझ्यानं गेलेली झोप, वयानं गेलेली झोप आणि आजारानं गेलेली झोप त्यानं एका पोत्यात भरली नाही. नाडी न पाहता, पाळीचा इतिहास न विचारता, सगळ्या बायकांना एकच डबी देणारी बाजारपेठ ही चरकाची वारस नाही. जो वैद्य तासभर बसून विचारपूस करतो, रक्त तपासायला सांगतो आणि आपल्या हाताबाहेरचं असेल तर पुढं पाठवतो, त्याच्याशी माझं काही भांडण नाही.

आणखी एक आक्षेप नेहमी पुढं येतो : मग काय, ॲलोपॅथीच्या झोपेच्या गोळ्या खायच्या? नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मेडिकलमधून सहज मिळतात, त्यांची सवय लागते, रात्री उठताना तोल जातो, आणि याच वयात हाडं कमकुवत होत असतात. या गोळ्यांबद्दलची भीती रास्त आहे. पण चूर्ण नाहीतर झोपेची गोळी, एवढे दोनच रस्ते आहेत हे म्हणणं खोटं आहे. हार्मोनच्या उपचारांची भीती 2002 च्या अमेरिकी अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, आणि दोन्ही संप्रेरकं घेणाऱ्या दहा हजार बायकांमागं वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ जादा रुग्ण आढळले. ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्या फक्त इस्ट्रोजेन घेत होत्या, त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, आणि कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असा इतिहास नसलेल्या बाईला लाहीमुळंच झोप येत नसेल, तर फायदा सहसा धोक्याहून मोठा असतो असं आज तज्ज्ञ मानतात. ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी गाबापेंटिनसारखी दुसरी औषधंही आहेत. निर्णय डॉक्टरनं आणि बाईनं मिळून घ्यायचा. पण असा उपचार असतो हेच तिला सांगितलं नाही, तर तिनं निर्णय घ्यायचा कशाचा?

आणि निद्रानाशावरचा सगळ्यात भक्कम पुरावा असलेला उपाय औषधच नाही. झोपेची घडी नीट बसवायची ही पद्धत आहे. डॉक्टर तिला निद्रानाशासाठीची वर्तनचिकित्सा म्हणतात. नियम साधे आहेत. उठण्याची वेळ रोज एकच. प्रत्यक्षात झोप पाचच तास लागत असेल, तर अंथरुणातही साडेपाच-सहाच तास काढायचे, आणि झोप भरली की ती वेळ हळूहळू वाढवायची. झोप आली तरच पाठ टेकायची, जाग येऊन बराच वेळ गेला तर उठून बसायचं, तळमळत पडून राहायचं नाही. झोप नाही आली तर उद्याचा दिवस वाया, या धास्तीला उत्तर द्यायला शिकायचं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत पाळी जाण्याच्या वयातल्या, अंगाची लाही होणाऱ्या 106 बायकांना हे सगळं निव्वळ फोनवर शिकवलं गेलं. आठ आठवड्यांत सहा वेळा, प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटं, आणि शिकवणारे झोपेचे तज्ज्ञही नव्हते. आठ आठवड्यांनी या गटातल्या 70 टक्के बायका निद्रानाशाच्या पातळीखाली आल्या, नुसती माहिती दिलेल्या दुसऱ्या गटातल्या 24 टक्के. लाहीचे झटके चालू असूनही झोप सुधारली. असा आकडा कुठल्या चूर्णानं दाखवलेला नाही. मग हा उपाय गावापर्यंत का पोचत नाही? कारण तो पुडीत भरून विकता येत नाही, त्याची जाहिरात करून कुणाचं पोट भरत नाही.

हे शहरातल्या लोकांचे चोचले आहेत, खेड्यातल्या बाईला काय जमणार, असं म्हणणारे भेटतात. मला उलट वाटतं. जमिनीवर अंथरलेली गोधडी सकाळी घडी होऊन फडताळात जाते, दिवसा लोळायला जागाच नसते. उठण्याची वेळ पाण्यानं आणि डब्यानं आधीच बांधलेली असते. म्हणजे दोन अवघड नियम तिच्याकडून आपसूक पाळले जातात. मोडतो तो एकच, थकून रात्री आठलाच आडवं होणं आणि मग दीडपासून टक्क जागं राहणं. ‘झोपायला दहा वाजव’ एवढं एक वाक्य काही जणींचं अर्धं काम करेल. अडचण आहे ती वेगळ्याच ठिकाणी. काही जणींची झोप उडालेली नसते, त्यांना झोपायलाच मिळत नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. शेतीपंपाची वीज कधी दिवसा तर कधी रात्री असते, आणि रात्रीच्या पाळीत नवरा पाणी द्यायला निघाला की चहासाठी, कंदिलासाठी बाईही उठते. जिच्या हातात मुळात पाचच तास आहेत तिला अंथरुणातली वेळ कमी करायला सांगणं क्रूरपणा होईल. तिच्यासाठी उपाय घरातल्या इतरांनी करायचा आहे. पहाटेचं पाणी आणि पहिला चहा दुसऱ्या कुणीतरी आपल्याकडं घ्यायचा.

शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे : डॉक्टर आहेत कुठं? येलदरीहून जिंतूरला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, तिथं स्त्रीरोगतज्ज्ञ भेटेल याची खात्री नाही, चूर्ण तरी हाताशी आहे. हे खरं आहे, आणि म्हणूनच माझा राग चूर्ण घेणाऱ्या बाईवर नाही. पण सेवा नाही म्हणून चूर्ण पुरेसं आहे असं ठरवलं, की सेवा मागायचं कारणच उरत नाही. आशाताईंच्या कामाचा मोठा भाग पात्र जोडपी, गरोदरपण आणि लसीकरण यांनी व्यापलेला असतो. मूल होण्याचं वय सरलं की बाई वहीतून आपोआप निसटते. राष्ट्रीय पाहणीही एकोणपन्नासाव्या वर्षी तिला सोडून देते. खरं तर तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगासाठी आशाताईंनी एक अर्ज भरायचाच असतो. त्याच वेळी पाळीबद्दल आणि झोपेबद्दल दोन प्रश्न विचारले, तर वेगळी फेरी लागत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन उपकेंद्रावर मोजता येतं आणि लोहाच्या गोळ्या तिथं फुकट मिळतात. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानसची 14416 ही फुकट मानसिक आरोग्य सेवा मराठीतून चालते. फोनवरून झोप सुधारता येते हे सिद्ध झालेलं असताना, या सेवेतल्या समुपदेशकांना ही पद्धत शिकवावी आणि पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांसाठी ती खुली करावी, ही मागणी अवाजवी नाही.

तोपर्यंत बाईनं काय करावं, हेही सांगायला हवं. उठण्याची वेळ आणि झोपण्याची वेळ आठ दिवस कागदावर मांडावी, लिहिता येत नसेल तर लेकीकडून मांडून घ्यावी. रात्रीची मिश्री आणि संध्याकाळनंतरचा चहा बंद करावा. महिनाभरात फरक पडला नाही, किंवा अंगावरून फार जात असेल, पाय वळवळत असतील, घोरणं असेल, पाळी गेल्याला वर्ष होऊन पुन्हा रक्त दिसलं असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मजुरी बुडाली तरी जिंतूरचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. तिथं ‘झोप येत नाही’ एवढंच सांगून थांबू नये, तेवढ्यावर झोपेची गोळीच हातात पडण्याची भीती असते. शेवटची पाळी कधी आली, पिशवी काढली असेल तर कोणत्या वयात आणि अंडाशय ठेवली की नाही, रात्री लाही किती वेळा होते, कोणतं चूर्ण किती दिवस चालू आहे, हे सगळं सांगावं, आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तदाब तपासून द्या असं स्वतःहून म्हणावं.